मेंढीला खोटं सांगता येत नाही : 'निवृत्त मास्तर' यांना उत्तर

मास्तर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांबलचक होती, तेव्हा उत्तरही वेगळंच लिहितो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : न्यू साउथ वेल्स ही ऑस्ट्रेलियातली ब्रिटिश वसाहत, जिथं ब्रिटनमध्ये शिक्षा झालेले कैदी पाठवत. तिथल्या १८२८ च्या जनगणनेवर मी मागे लिहिलं होतं. मास्तरांचं म्हणणं असं की ती 'ऑस्ट्रेलियाची पहिली जनगणना' नव्हेच, कारण त्याआधी चाळीस वर्षं तिथं माणसं मोजतच होते. शिवाय ज्या कागदावर गुरं मोजली त्याच कागदावर कैदी मोजले, त्याचं एवढं कौतुक कसलं? आणि तिथले मूळ रहिवासी त्यात धरलेलेच नसताना मी 'एकूण लोकसंख्या ३६,५९८' असं बिनदिक्कत ठोकून दिलं.

शेवटच्या मुद्द्यावर मी साफ चुकलो. ३६,५९८ हा वसाहतीच्या दप्तरात आलेल्या माणसांचा आकडा आहे : २०,८७० मुक्त आणि १५,७२८ कैदी. जिथं ही वसाहत उभी राहिली त्या जमिनीवर हजारो वर्षं राहत आलेले लोक त्यात नाहीत. लेखातलं ते वाक्य बदललं आहे. पण मास्तर, ते सरकारला दिसत नव्हते म्हणून राहून गेले असं समजू नका. त्याच सुमारास सरकार त्यांना घोंगड्या वाटायचं आणि वाटपाच्या याद्या ठेवायचं. यादीत माणसाचं नाव, अंदाजे वय, बायका किती, मुलं किती, टोळी कोणती, वावर कुठं, सगळं लिहिलेलं सापडतं. म्हणजे मोजणी होत होती, पण घोंगडीच्या हिशेबात. पुढं १९०१ साली ऑस्ट्रेलियाचं संघराज्य झालं तेव्हा तर राज्यघटनेतच कलम १२७ घातलं, की लोकसंख्येचा आकडा काढताना मूळ रहिवाशांना धरू नये. ते कलम निघायला १९६७ चं सार्वमत उजाडलं. नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी ते काढायच्या बाजूनं मत दिलं.

आता 'पहिली' या शब्दाबद्दल. इथं मी माघार घेणार नाही. १७८८ पासून तिथं जे चालायचं त्याला 'मस्टर' म्हणत. हा शब्द आपल्याला काही परका नाही. रोजगार हमीच्या कामावर राबलेल्या कुणालाही विचारा. ठरल्या दिवशी, ठरल्या जागी, सिडनीत नाहीतर जवळच्या पॅरामॅटात, सगळ्यांनी हजर व्हायचं आणि नाव पुकारलं की पुढं यायचं. सुरुवातीच्या वर्षांत वसाहत उपासमारीच्या काठावर होती, त्यामुळं सरकारी कोठारातून शिधा कुणाला द्यायचा नि कुणाला नाही, हाच त्या हजेरीतला मोठा प्रश्न असे. आपल्याकडं जुने दोन शब्द आहेत, शिरगणती आणि खानेसुमारी. आपण ते एकाच अर्थानं वापरतो, पण एकात डोकी मोजायची आणि दुसऱ्यात घरं. मस्टर ही शिरगणती होती. नोव्हेंबर १८२८ मध्ये झाली ती खानेसुमारी : माणसांनी मैदानात यायचं नाही, कागद घरी येणार आणि घरातल्या कर्त्यानं माहिती द्यायची.

हा बदल सरकारच्या चांगुलपणामुळं झाला नाही. शिक्षा भोगून सुटलेले, माफी मिळालेले, स्वखुशीनं आलेले, तिथंच जन्मलेले असे लोक वाढत गेले आणि अडचणीचा प्रश्न उभा राहिला : मुक्त माणसाला हजेरीला बोलवायचा सरकारला अधिकार कुठला? कैद्याला हुकूम देता येतो, पण दुकानदाराला? कायद्यात तशी तरतूदच नव्हती. म्हणून गव्हर्नर राल्फ डार्लिंगच्या काळात, १८२८ साली, विधान परिषदेत खास कायदा करावा लागला.

गुरांबद्दल तुमचं बरोबर आहे. त्या कायद्याच्या लांबलचक नावातच रहिवाशांच्या पाठोपाठ गुरं आणि जमीन येते. रकानेही तसेच : नाव, वय, कैदी की मुक्त, कोणत्या जहाजानं आणि कोणत्या साली आला, शिक्षा किती, धर्म, काम, मालक कोण, मग एकर किती, साफ केलेले किती, पेरलेले किती, घोडे, गुरं, मेंढ्या. मला यातला जहाजाचा रकाना फार आवडतो. आपल्याकडं गावावरून नगरकर, सातारकर होतात; तिथं एकाच नावाची चार माणसं असली की जहाजावरून ओळखायची. आणि मालकाकडं कामाला लावलेल्या कैद्यापुढं काय लिहीत असत? 'सरकारी नोकर'! लग्नाच्या बाजारात आपल्याकडं ज्या दोन शब्दांना एवढा भाव, तेच.

तुम्ही गणिताचे दिसता, म्हणून हेही सांगतो. धर्माचे आकडे आहेत प्रोटेस्टंट २५,२४८, कॅथलिक ११,२३६, ज्यू ९५ आणि 'पेगन', म्हणजे मूर्तिपूजक, १९. बेरीज करा. बरोबर ३६,५९८. धर्म न सांगणारा एकही माणूस त्या तक्त्यात नाही. इतकी चोख बेरीज पाहिली की मला आपल्या ऑफिसातले हिशेबनीस आठवतात आणि थोडी शंकाही येते.

पण 'गुरांसारखी मोजली' म्हणून तुम्ही प्रकरण मिटवता, ते मला पटत नाही. मेरी रीबी ही बाई बघा. हिला वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास घोडा चोरल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. पकडली तेव्हा ती मुलाच्या वेशात होती. १७९२ साली कैदी म्हणून सिडनीला उतरली. लग्न केलं, १८११ मध्ये नवरा गेल्यावर जहाजं, गोदामं, धंदा सगळं स्वतः चालवलं, श्रीमंत झाली. १८२० मध्ये मुलींना घेऊन इंग्लंडला जाऊन आली. आणि १८२८ च्या नोंदीत तिनं स्वतःबद्दल काय सांगितलं? 'मुक्त म्हणून आले, साल १८२१.' ते परतीच्या प्रवासाचं साल. खोटं म्हणावं तर अक्षरशः खरं आहे. त्या खेपेला ती खरंच मुक्त म्हणून आली होती! मस्टरच्या मैदानात, सगळं गाव बघत असताना, तिला हे जमलं असतं का, सांगा. आज ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर तिचा चेहरा आहे.

मेंढ्यांचा आकडा मालक सांगतो. माणसाचा रकाना माणूस स्वतः, जमेल तिथं, आपल्या बाजूनं वळवून घेतो. सगळ्यांनाच ते जमलं नाही, कैद्यांना तर जवळपास नाहीच, कारण त्यांची माहिती मालकच द्यायचा. तेवढ्यापुरतं तुमचं म्हणणं मान्य.

राहिला मथळा. 'ऑस्ट्रेलियाची' हा शब्द काढून 'न्यू साउथ वेल्सची' केलं आहे; टास्मानिया तर १८२५ लाच वेगळी वसाहत झाली होती, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. 'पहिली' मात्र तसंच ठेवलंय.