सहार ते सांताक्रूझ, मार्गे आत्या

फ्रँकफर्ट ते मुंबई हे अंतर विमान आठ-साडेआठ तासांत कापतं. मुंबई ते नागपूर दीड तासात. या दोन्हींच्या मध्ये सहार ते सांताक्रूझ हा जो पट्टा लागतो, त्याला किती वेळ लागेल याबद्दल तिकिटावर अवाक्षर नसतं.

मुंबईचा विमानतळ एक. धावपट्ट्या तशा दोन, पण त्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे एका वेळी एकच कामाला येते. टर्मिनलं मात्र दोन, आणि त्यांचं आपसात बोलणं नसावं. परदेशातून येणारं विमान टी-टूला, म्हणजे सहारला लागतं. आमचं नागपूरचं विमान टी-वनवरून, म्हणजे सांताक्रूझहून सुटणार होतं. धावपट्टीवर विमान धावताना खिडकीतून पलीकडचे दिवे दिसले. सरळ रेषेत फार तर दोनेक किलोमीटर. वैमानिकाला सांगावंसं वाटलं, दादा, आम्हाला इथंच कडेला सोडा, बॅगा नंतर पाहू. पण तसं चालत नाही. आधी टी-टूला जायचं, रीतसर देशात शिरायचं, बॅगा गोळा करायच्या, कस्टममधून बाहेर पडायचं आणि मग रस्त्याने पाचेक किलोमीटरचा वळसा घालून, मघाशी खिडकीतून जे दिसलं होतं, तिथं पोचायचं.

नागपूरला टी-टूवरूनही विमानं जातात. पण आमच्या चिरंजीवांनी तिकिटं काढली ती दोन वेगवेगळ्या कंपन्यांची, कारण त्यात काही युरो वाचत होते. "बाबा, एक वाजता उतरताय, सहाला पुढचं विमान. आरामात चहा प्या," असं म्हणून तो मोकळा झाला. परदेशात राहणाऱ्या मुलांना आईवडील कायम चहा पीत बसलेले दिसतात.

शिवाय मेट्रो आहे, असंही तो म्हणाला. खरं आहे. ऑक्टोबर 2024 पासून टी-टू आणि टी-वन ही दोन्ही स्थानकं भुयारी मेट्रोवर आली आहेत, मध्ये फक्त सहार रोड. दोन स्थानकांचा प्रवास, म्हणजे बसायला जागा मिळेपर्यंत उतरायचं. फक्त एक गोम आहे. युरोपातली बरीचशी विमानं मुंबईत मध्यरात्री उतरतात, आणि मेट्रो त्या वेळी झोपलेली असते.

विमान थांबल्याबरोबर पहिला चमत्कार पाहिला. आमच्या रांगेतले एक गृहस्थ रात्रभर विमानात शतपावली करत होते. दारात व्हीलचेअरची रांग बघताच त्यांच्या गुडघ्यातलं बळ गेलं. खुर्चीत बसून ते आमच्या पुढून भरधाव निघून गेले. पुढे बॅगांच्या पट्ट्यापाशी पाहिलं तर हेच गृहस्थ तीस किलोची बॅग एका हाताने उचलत होते. ही आपल्या गुडघ्यांकडे बघून म्हणाली, "तुम्ही का नाही हो मागितली?" मी बँकेत आयुष्य काढलं, खोटी सही चालत नाही, एवढंच म्हणालो.

टी-टूमध्ये भिंतींवर कलेचं मोठं प्रदर्शन आहे. तीन किलोमीटर लांबीचं म्हणतात. जुने कोरीव दरवाजे, झरोके, मूर्ती, मुखवटे, हजारो वस्तू. एरवी मी तिकीट काढून बघितलं असतं. पण रात्री सव्वा वाजता, विमानात बाथरूमला जायचं टाळलेल्या माणसाला तीन किलोमीटर कला नको असते, एक दार हवं असतं. कोरीव दरवाजे पुष्कळ होते, पण ते उघडत नव्हते. ही मात्र एकेका नक्षीपुढे थांबून "बघा तरी" म्हणत होती.

पासपोर्टवर शिक्का, बॅगा, कस्टमची हिरवी वाट, हे सगळं विनातक्रार झालं. खरा प्रवास त्यानंतरचा.

आता आत्याबद्दल. माझी आत्या पार्ल्यात राहते, पूर्वेला. म्हणजे आमच्या दोन विमानांच्या बरोबर मध्ये. वय चौऱ्याऐंशी. सहारला 1981 साली टर्मिनल झालं तेव्हापासून तिच्या लेखी परदेशाला जाणारे लोक ते "सहारचे" आणि देशातले ते "सांताक्रूझचे". नवं नाव, टी-वन, टी-टू हे तिने कानाआड केलेलं आहे. आम्ही मुंबईत पाच तास थांबणार ही बातमी तिला कुणी दिली कोण जाणे, पण फ्रँकफर्टला बॅगा भरत असतानाच तिचा फोन आला.

"बाळ्या, पार्ल्यावरून जाणार आणि घरी येणार नाहीस?"

"आत्या, रात्री दोन वाजता?"

"मग? मी काय झोपते होय? विमानं झोपू देतात का?"

यावर उत्तर नव्हतं.

टॅक्सीच्या खिडकीवर "पार्ले" म्हटलं आणि पावती घेऊन गाडीपाशी गेलो. चालकाने पावती वाचली, मग आमच्या चार बॅगा बघितल्या, मग पुन्हा पावती वाचली. बिचारा चार तास रांगेत बसून ठाण्याची, वाशीची, नशीब जोरावर असेल तर पुण्याची स्वप्नं बघत होता. "पार्ला?" तो म्हणाला. "इतना तो मैं पैदल छोड़ देता." नंतर वाटभर त्याने आमच्याशी शब्द काढला नाही, पण गिअर टाकताना जे काय म्हणायचं ते म्हणत होता.

आत्याची इमारत तीन मजली, जुनी. लिफ्ट नाही. आणि लिफ्ट का नाही, हे समजायला विमानतळच समजून घ्यावा लागतो. विमानांच्या वाटेखाली येणाऱ्या भागात इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहे. उंची वाढत नाही म्हणून बिल्डरला चार मजले जास्तीचे विकता येत नाहीत. विकता येत नाहीत म्हणून बिल्डर पुनर्विकासाला येत नाही. बिल्डर येत नाही म्हणून लिफ्ट येत नाही. थोडक्यात, ज्या विमानातून मी बॅगा घेऊन उतरलो होतो, त्याच विमानामुळे त्या मला तिसऱ्या मजल्यावर खांद्यावरून न्याव्या लागत होत्या. दुसऱ्या मजल्यावर दम खायला टेकलो तेव्हा डोक्यावरून एक विमान गेलं. मी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती सुरक्षा तपासणीत पकडली गेली असती.

वर दारात आत्या, नऊवारी चापून नेसलेली. मागे तिची सून, जिला सकाळी नऊला ऑफिस गाठायचं होतं आणि जिच्या चेहऱ्यावर हसू होतं, फक्त हसू होतं, बाकी काही नव्हतं. टेबलावर वालाचं बिरडं, मऊ भात, आमटी, काकडीची कोशिंबीर. घड्याळात पावणेतीन.

आत्या मूळची आमच्या नागपूरची. लग्न होऊन आली तेव्हा म्हणे चटणीशिवाय घास उतरत नसे. आता आमटीत गूळ घालते. साठ वर्षांत माणूस किती बदलतो ते बघायला मला अल्बम लागत नाही, एक वाटी आमटी पुरते. मी गुपचूप मिरची मागितली, तर सून म्हणाली, "आई, नागपूरकर ओळखला बरं का." तेवढ्याने तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा खरं हसू आलं.

पार्लेकरांच्या बोलण्याची एक पद्धत आहे. विमान आलं की ते वाक्याच्या मध्यावर थांबतात, तोंड तसंच ठेवतात आणि विमान गेलं की पुढच्या शब्दापासून सुरू करतात. निदान पाहुण्याला तसं वाटतं. प्रत्यक्षात मधले काही शब्द आवाजाखाली जातातच, आणि नेमके कामाचे जातात.

"अरे, आपल्या अमरावतीच्या वाड्याचं कळलं का? तुझ्या चुलतभावाने शेवटी" (विमान) "आणि आता वकील म्हणतो तुझी पण सही लागेल."

"शेवटी काय केलं, आत्या?"

"सांगितलं ना आत्ता!"

पुन्हा सांगायला लागली, तर पुन्हा विमान. मुंबईत रात्री विमानांची वर्दळ काय असते हे मी आकड्यांत वाचलं होतं. वाड्याच्या निमित्ताने ते अनुभवलं. अजूनही त्या वाड्याचं काय झालं मला ठाऊक नाही. सही मात्र करून आलो.

मग ती बिस्किटांच्या वासाबद्दल बोलली. पार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना 2016 साली बंद झाला. त्याआधी संध्याकाळी गल्लीत भाजलेल्या बिस्किटांचा वास यायचा, आणि तान्ही पोरं त्या वासाने रडायची थांबायची म्हणे. "आता रॉकेलसारखा वास येतो," आत्या म्हणाली. तो विमानाच्या इंधनाचा की शेजारच्यांच्या जनरेटरचा, यावर सासू-सुनेत मतभेद निघाले. ते नवे नव्हते हे ऐकूनच समजत होतं.

चार वाजता निघायला उठलो तर आत्या म्हणाली, "थांबा, ओटी भरते." सवाष्ण घरातून रिकामी जात नाही, आणि आमच्या आत्याच्या घरातून तर मुळीच नाही. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि एक नारळ. नारळ असा की, बघून वाटावं कोकणात याच्यावर तंटे झाले असतील.

इथे वजनाचा प्रश्न उभा राहतो. आंतरराष्ट्रीय तिकिटावर माणशी तेवीस किलोच्या दोन-दोन बॅगा चालल्या होत्या. एकाच तिकिटावर पुढचा प्रवास असता तर तीच सवलत नागपूरपर्यंत चालली असती. वेगळं तिकीट म्हटलं की माणशी पंधरा किलो, हातात सात. वाचलेले युरो कुठं जाणार होते, ते मला टी-वनच्या वजनकाट्यावर उभं राहिल्यावर कळलं. हिने चॉकलेटं कमी करायला नकार दिला, कारण ती नागपुरात वाटायची होती आणि यादी तयार होती. चिरंजीवांचं बर्फातलं जॅकेट तेवढं मी अंगात घातलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात, मुंबईत, बर्फातलं जॅकेट. मागचे एक आजोबा आपल्या नातवाला हळूच म्हणाले, "लेह-लडाखला चाललेत वाटतं."

नारळ हातातल्या पिशवीत राहिला होता. सुरक्षा तपासणीत पट्टा थांबला. पडद्यावर एक गोल आकृती.

"ये क्या है?"

"नारियल."

"सूखा या पानीवाला?"

प्रश्न बिनचूक होता. सुकं खोबरं तेलकट, पेट घेणारं, म्हणून विमानात बंद आहे. जवानाने नारळ कानाशी धरून हलवला. मग दुसऱ्या जवानाला दिला, त्यानेही हलवला. दोघांचं एकमत झालं की आत पाणी आहे. आम्ही सुटलो असं वाटत असतानाच तिसरा, जरा वडीलधारा जवान आला. त्याने नारळ हातात तोलला आणि म्हणाला, हा कुणाच्या डोक्यात मारला तर? म्हणजे सुका असेल तर आग लागते आणि ओला असेल तर डोकं फुटतं. नारळाने विमानात बसायचं तरी कसं?

"यहीं छोड़ दीजिए," तो म्हणाला आणि कोपऱ्यातल्या टोपलीकडे बोट दाखवलं. टोपलीत लायटर, कात्र्या आणि एक स्क्रू-ड्रायव्हर होता.

हिने नारळ छातीशी धरला. "ओटीचा आहे," ती म्हणाली. मराठीतच. त्या स्वरापुढे भाषांतराची गरज नव्हती. बायकांच्या रांगेतून एक महिला जवान आल्या, साताऱ्याकडच्या असाव्यात. "काकू, ओटीचा आहे व्हय?" त्यांनी विचारलं आणि वरिष्ठांना बाजूला घेऊन दोन मिनिटं काहीतरी समजावलं. मग मला म्हणाल्या, "काका, काउंटरवर जाऊन मोठ्या सामानात देऊन या. पळा, वेळ आहे."

मोठं सामान तर कधीच पट्ट्यावरून आत गेलं होतं. काउंटरवरच्या मुलीने नारळ पाहिला, मला पाहिलं, जॅकेट पाहिलं. तिने बरीच माणसं पाहिली असतील, पण त्या क्षणी तिची ओठांची कडा हलली. "असा सुटा नाही घेता येणार, सर. काहीतरी गुंडाळून द्या." मी जॅकेट काढलं. नारळ मध्ये ठेवला, टोपी त्याच्यावर ओढली, बाह्यांच्या दोन गाठी मारल्या. तिने त्याला नागपूरचा टॅग लावला आणि जादा वजनाची पावती फाडली. त्या पैशात दादरला पोतंभर नारळ आले असते. पट्ट्यावरून तो बाहेरून जर्मन आणि आतून कोकणी ऐवज हळूहळू पडद्याआड गेला, आणि मला पहिल्यांदा वारा लागला.

विमानाकडे नेणाऱ्या बसमध्ये चढलो तेवढ्यात आत्याचा फोन.

"बसलात का? नारळ नीट आहे ना?"

"नारळ पुढे गेलाय, आत्या. आम्ही मागून येतोय."

"बरं झालं. आणि ऐक, तो नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झालाय ना, पुढच्या खेपेला तिकडेही उतरायची वेळ येईल. घाबरू नकोस. माझी धाकटी नणंद खारघरला असते. मी तिला आजच कळवून ठेवते, जेवायला काय आवडतं ते."

"आत्या, कितव्या मजल्यावर?"

"अकराव्या."

"लिफ्ट आहे का?"

आत्याने उत्तर दिलं, पण नेमकं तेव्हाच विमान गेलं.