दोन आकड्यांची जबानी

कॉम्प्युटर पूर्ण बंद पडला तर एक वेळ परवडतं. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, की तो बिघडलाय हे घरातले सगळे मान्य करतात. खरा छळ करतो तो अर्धवट बंद पडलेला. पंखा भणभणतोय, पुढचा हिरवा दिवा लागलाय आणि स्क्रीन मात्र काळाकुट्ट. अशा वेळी "कॉम्प्युटर चालू होत नाहीये" असं म्हणायचीही सोय राहत नाही. कोणीतरी लगेच खाली वाकून बघतं आणि म्हणतं, "चालू तर आहे की!"

आमच्याकडे हे आधी बाबा म्हणाले, मग बायको म्हणाली. सुट्टीला आलेला भाचा पुढच्या पिढीचा, त्यामुळे तो एकदम उपायावरच आला. "मामा, फॉरमॅट मार." ज्या यंत्राला आपल्याकडे हार्डडिस्क आहे हेच अजून कळलेलं नाही, त्याला फॉरमॅट कुठून मारणार? पण 'फॉरमॅट मार' हा सल्ला असा आहे, की तो देणाऱ्याला कधीच काही सिद्ध करावं लागत नाही.

पूर्वी कॉम्प्युटर निदान ओरडायचा तरी. अवॉर्ड कंपनीचं बायोस (बटण दाबल्यावर सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) असेल तर एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्लेची भानगड, हे पाठ असणारी माणसं होती. पण त्यासाठी मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य पाटीला, तो बोटभर स्पीकर जोडलेला लागतो. हल्ली बऱ्याच कॅबिनेटमध्ये तो येतच नाही. आमचाही मुका. म्हणून मी डायग्नोस्टिक कार्ड मागवलं.

तळहाताएवढं कार्ड, त्यावर घड्याळात असतात तसे दोन लाल आकडे आणि शेजारी बारीक दिव्यांची रांग. ते मदरबोर्डवरच्या पीसीआय स्लॉटमध्ये, म्हणजे जादा कार्डं बसवायच्या खाचेत, खोचायचं आणि बटण दाबायचं, एवढंच काम. बायकोने विचारलं, "म्हणजे हे दुरुस्त करणार?" मी म्हटलं, "नाही, हे फक्त सांगणार." तिने माझ्याकडे असं पाहिलं, की सांगणारे घरात आधीच कमी होते का!

कार्ड सांगतं काय, ते बघण्यासारखं आहे. बटण दाबल्यापासून स्क्रीन उजळेपर्यंतच्या काही सेकंदांत मदरबोर्डवरचं बायोस सगळ्यांची हजेरी घेतं. प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले, कीबोर्ड. एकेका टप्प्याला पोचलं की ते पोर्ट ८० नावाच्या पत्त्यावर एक आकडा लिहून ठेवतं. (हे ८० हेक्साडेसिमल, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशेबातलं; आपल्या हिशेबाने १२८.) आयबीएमचा पीसी-एटी १९८४मध्ये आला, तेव्हापासूनची ही पद्धत. एरवी तो आकडा कोणी वाचत नाही. कार्ड वाचतं. स्वतः मात्र काडीचीही तपासणी करत नाही. बायोस जिथे अडकलं तिथला आकडा तेवढा समोर राहतो. थोडक्यात, ही मृत्युपूर्व जबानी आहे, शवविच्छेदनाचा अहवाल नव्हे. 'मी रॅमकडे निघालो होतो' एवढं बोलून साक्षीदार गप्प. रॅमने घात केला, स्लॉटने केला की वाटेत विजेनेच दगा दिला, हे तुम्ही शोधा. आणि प्रोसेसरने पहिली सूचनाच वाचली नसेल, तर जबानीही नाही.

पण शोधायच्या आधी वाचता यायला हवं ना! कॅबिनेट उभा ठेवला की पीसीआय कार्डाची आकड्यांची बाजू जमिनीकडे होते. आडवा केला की आकडे शेजारच्या कार्डाच्या पाठीकडे टक लावून बघतात. सर्वांत मोठा मजकूर सर्वांत अवघड जागी छापायचा, असं ठरवूनच हे बनवलं असावं. बायकोने बेसिनवरचा छोटा आरसा आणला. मी जमिनीवर पालथा, मानेखाली उशी, तोंडात टॉर्च. आरशात इंग्रजी दोनचा पाच होतो, पाचचा दोन होतो, वर आकड्यांच्या जागाही बदलतात. २५ आरशातही २५च दिसतो, पण आमच्या नशिबात २५ नव्हता.

त्यात हेक्साडेसिमलमध्ये ० ते ९ झाल्यावर ए ते एफ येतात. कार्डावरचा प्रत्येक आकडा सात रेघांचा; त्यात मोठा बी काढला तर त्याचा आठ होतो, म्हणून बी लहान काढतात. लहान बी म्हणजे वरची आडवी रेघ नसलेला सहा. ती वरची रेघ खरंच नाही की तिच्यावर माझ्याच डोक्याची सावली पडलीये, यावर निदान अवलंबून.

"वन सी," मी टॉर्चमधून बोललो.

"काय वंशी?" बायको.

"टॉर्च काढा की तोंडातून," बाबा.

"उलटं वाच मामा, आरसा आहे तो," भाचा. एवढं म्हणून त्याने मोबाइल कॅबिनेटमध्ये सरकवला, फोटो काढला आणि मला दाखवला. सी१. सरळ, स्वच्छ. आरसा मुकाट्याने बेसिनवर परत गेला.

आता सी१ म्हणजे काय? कार्डाबरोबर एक पुस्तिका आली होती. अक्षर मुंगीएवढं आणि इंग्रजी असं, की प्रत्येक शब्द कळावा पण वाक्य कळू नये. तिच्यात ००पासून एफएफपर्यंत कोष्टकं होती. एक कोष्टक एएमआयचं, एक अवॉर्डचं, एक फिनिक्सचं, कारण बायोस बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीचे अर्थ वेगळे. तोच आकडा एकाकडे रॅम, तर दुसऱ्याकडे आणखी काहीतरी. म्हणून आधी आपलं बायोस कोणाचं आहे ते पाहा, असं पहिल्याच पानावर ठळक छापलेलं. ते कसं पाहायचं? सुरू होताना स्क्रीनवर नाव येतं, ते वाचा.

स्क्रीनवर नाव येत असतं, तर मी ही पुस्तिका कशाला वाचत बसलो असतो?

त्याहून कडेलोट पुढच्या पानावर. कार्ड एफएफ किंवा ०० दाखवत असेल तर सगळ्या तपासण्या पार पडून कारभार ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेला असं समजावं. किंवा मग प्रोसेसर मुळात चाललाच नाही, असंही समजावं. म्हणजे ठणठणीत आणि खलास, दोघांनाही एकच दाखला! फरक ओळखायची खूण एवढीच, की आधी बाकीचे आकडे पळत गेले असतील तर तो ठणठणीत.

शेवटी मदरबोर्डवरच्या चिपचं स्टिकर कामी आलं. फिकट अक्षरांत 'अवॉर्ड'. अवॉर्डच्या कोष्टकात सी१ म्हणजे रॅमचा शोध.

तेवढ्यात ऑफिसातल्या एका जाणकाराला फोन झाला. त्याने कार्डाचं नाव ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "आधी बॅटरी काढ, मग बघू." मदरबोर्डवरची ती चपटी नाण्यासारखी सीआर२०३२, तीन व्होल्टची. ती काढून थोडा वेळ थांबलं की बायोस आपल्या सगळ्या सेटिंग्ज विसरतं. काढली, थांबलो, लावली. सी१. फक्त आता कॉम्प्युटरला तारीखही आठवत नव्हती.

मग दिवे पाहिले. बारा व्होल्ट, पाच व्होल्ट, साडेतीनच्या जरा खालचा तो ३.३, सगळे लागलेले. क्लॉकचा दिवा चालू. रीसेटचा एकदा चमकून विझला. तो विझलाच पाहिजे, लागून राहिला तर मदरबोर्ड रीसेटमध्येच अडकलाय. म्हणजे वीज ठीक होती. उरली रॅम.

रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. त्यांच्या सोनेरी दातांवर काळसर थर चढला होता. भाच्याच्या कंपासमधला खोडरबर घेतला (तो म्हणाला, "परत देशील ना?") आणि दात हलक्या हाताने एकाच दिशेने घासले. खोडरबराचा कचरा फुंकरीने नाही, ब्रशने काढायचा, कारण फुंकरीबरोबर थुंकीही जाते. हे मी सर्वांना समजावून सांगितलं. कोणी ऐकत नव्हतं. एकच पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये. सी१. तीच पट्टी काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये, दोन्ही बाजूंच्या खिट्या कट्ट वाजेपर्यंत दाबली.

सी१. मग सी३. मग सी५. आणि मग आकडे असे सुटले की वाचता येईनात. इतका वेळ पंख्याच्या आवाजाला कंटाळलेलं घर एकदम कार्डाभोवती जमलं. बाबांना एकाही आकड्याचा अर्थ ठाऊक नव्हता, तरी ते "चल, चल, चल" म्हणत होते. शेवटी एफएफ. तोही पळत आलेला एफएफ, म्हणजे ठणठणीतवाला. दोष रॅमचा नव्हता, पहिल्या स्लॉटचा होता. कार्डाने बोट रॅमकडे दाखवलं होतं, पण ते तरी काय करणार, त्याला तेवढंच ऐकू आलं होतं.

स्क्रीन उजळला. पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ: डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टिम डिस्क अँड प्रेस एंटर.

"अहो, आलं की!" बायको टाळ्या पिटत म्हणाली. मी तिला ते मराठीत सांगितलं नाही.

एफएफनंतर कार्डाची जबाबदारी संपते. ते लाल आकडे आता दाराबाहेर उभं राहून 'आमचं काम झालं' म्हणत होते. पुढचं बायोसच्या सेटिंगमध्ये जाऊन बघावं लागलं, आणि कारण तिथेच सापडलं. बॅटरी काढल्याने बूटचा क्रम, म्हणजे विंडोज आधी कुठे शोधायचं तो क्रम, मूळपदावर गेला होता. हार्डडिस्कच्या आधी यूएसबी, आणि त्या यूएसबीत बायोसला काहीतरी दिसत होतं.

कॅबिनेटच्या मागे हात घातला. वायरींच्या गुंत्यात, धुळीत माखलेला एक पेन ड्राइव्ह निघाला.

"अरे, हाच!" बाबा जवळजवळ उडीच मारून म्हणाले. "ट्रेकचे सगळे फोटो आहेत यात. किती दिवस शोधतोय! म्हणून तर तुला कॉम्प्युटर लाव, कॉम्प्युटर लाव म्हणत होतो, त्याच्यावर कॉपी केलेत का बघायला."

मी क्रम बदलला, सेव्ह केलं, एंटर दाबलं. विंडोज लागू लागलं. मी खुर्ची ओढून बाबांना म्हटलं, "बसा, दाखवतो फोटो."

"नको," पेन ड्राइव्ह शर्टाला पुसत ते म्हणाले, "तुझ्या लॅपटॉपवर लाव. याला फार वेळ लागतो."