तीन दिवसांत बांकाई शिका

मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढायचा म्हणताय? अवश्य काढा. अनुभवाचे चार शब्द मी देतो. गेल्या आठवड्यात मित्राकडून ‘ब्लीच’ या मांगाचे खंड पिशवी भरून आणले आणि पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतले. 19व्या खंडाशी पोचलो आणि रात्री दीड वाजता पुस्तक असं आपटलं की आई उठून आली. “काय झालं रे?” म्हटलं, “काही नाही, इचिगोला बांकाई मिळाली.” ती “बरं” म्हणून परत झोपायला गेली. इचिगो म्हणजे ‘ब्लीच’चा नायक, आणि बांकाई म्हणजे त्याच्या तलवारीचं सगळ्यात वरचं रूप. मला काही झोप आली नाही, म्हणून हे सल्ले.

सुरुवातीला नायक नापास, अनाथ, निदान तापट तरी दाखवा. वाचकाला तो आपल्यातलाच वाटला पाहिजे. बाप मात्र राखून ठेवा. गोष्ट अडली की बाप बाहेर काढायचा. ‘नारुतो’ मांगात, परीक्षेत तीनदा आपटलेल्या नारुतोचा बाप चौथा होकागे, म्हणजे निंजांच्या गावाचा प्रमुख निघतो. इचिगोचा तर बाप शिनिगामी (मृत्युदेव), आई क्विन्सी (भुतं मारणाऱ्या धनुर्धरांच्या वंशातली) आणि पोटात होलो (दुष्ट आत्मा). लग्नाच्या बायोडेटात मावणार नाही एवढं गोत्र.

ताकदीला आकडे लवकर लावा. ‘ड्रॅगन बॉल’मध्ये शेतकरी 5, व्हेजिटा 18,000, फ्रीझा 5,30,000. पुढे ताकद मोजणारं यंत्र, स्काउटर, फोडून टाका म्हणजे हिशेब कोणी मागत नाही.

तिथलंच सुपर सैयान रूप हजार वर्षांतून एकदाच घडतं म्हणायचं, आणि ते सात वर्षांच्या पोराला आईबरोबर सराव करता करता जमू द्या. त्यासाठी जिवाचं रान केलेल्या व्हेजिटाच्या तोंडाकडे बघू नका.

‘वन पीस’सारखं, नायकाने खाल्लेल्या जादूच्या फळाचं खरं नाव हजार प्रकरणांनंतर सांगा.

आता मुख्य मुद्दा, सराव. सराव कष्टाचा हवा, पण उद्यापर्यंत संपणारा हवा. त्यासाठी एक दिवसात वर्ष उरकणारी खोली बांधता येते, नाहीतर नारुतोसारख्या स्वतःच्या हजार सावल्या काढून प्रत्येकीला कामाला लावता येतं. पण आदर्श म्हणाल तर बांकाईच. प्रतिभा असली तरी बांकाई मिळून अंगात मुरायला दहा वर्षं तरी लागतात, हे त्याच पुस्तकात लिहिलेलं आहे. म्हणजे नियम लेखकानेच केलाय, आपण नाही. मग एक बाहुला आणायचा, त्यात तलवार खुपसायची की तलवारीचा आत्मा माणसासारखा समोर येऊन उभा राहतो, त्याला तीन दिवसांत हरवायचं की झालं. बरं, तीन दिवस तरी पुरते घ्या! तेवढ्यात, जिला वाचवायला हा सगळा खटाटोप, त्या रुकियाच्या मृत्युदंडाची तारीखच अलीकडे येते आणि आमचे चिरंजीव म्हणतात, मग आजच उरकतो. आजच! मी चार महिने जिमला जातोय, एक पुलअप धड निघत नाही.

आणि हा सराव चालतो त्याच डोंगराखाली, त्याच गुहेत, शेजारी कोण सराव करतोय? रुकियाचा बालमित्र रेंजी. झोपडपट्टीतून वर आलेला, आपला कॅप्टन ब्याकुया, त्याला एक दिवस गाठायचंच म्हणून दशकं घाम गाळलेला. त्याची बांकाई त्याने स्वतः मिळवलेली. ती घेऊन तो ब्याकुयासमोर उभा राहतो, पार चिंध्या होतात, तरी उठतो, शेवटचा वार करायला जातो आणि हातातली तलवार तुटते. ते पान मी तीनदा वाचलं. त्यानंतर काही प्रकरणांतच कालची बांकाई घेऊन इचिगो येतो आणि त्याच ब्याकुयाला पुरून उरतो. मग रेंजीने त्या घामाचं काय करायचं? लोणचं घालायचं?

दर आठवड्याला एकोणीस-वीस पानं काढायची, वाचकांच्या मतपत्रिकांवर मालिकेचा जीव टांगलेला, हे मला कळतं. पुढच्या आठवड्याला काहीतरी चमकवायला लागतं. पण म्हणून ‘नारुतो’तल्या रॉक लीला विसरायचं? ज्याला निन्जुत्सू, म्हणजे निंजांची जादू, येतच नाही, त्या पोराने पायाची वजनं सोडली तेव्हा आपण सगळे उभे राहिलो होतो. प्रतिस्पर्धी गाराने हातपाय चिरडले, शस्त्रक्रियेत वाचायची शक्यता अर्धी, तरी तो तयार झाला. जन्माने सगळं ठरतं म्हणणाऱ्या नेजीला नारुतोने जमिनीतून वर येऊन ठोसा मारला, तो आपल्याला स्वतःचा विजय वाटला. आणि शेवटी काय? नारुतो म्हणे असुरा नावाच्या प्राचीन वीराचा अवतार. म्हणजे नेजीचंच खरं होतं की! तेही नेजी मेल्यावर सांगता?

‘ड्रॅगन बॉल’मध्ये मागे पडत गेलेल्या यामचाबद्दल मी बोलणार नाही.

सल्ले पुरे झाले. अहो, नायकाला देव करा, आमची ना नाही, वाचतोच आहोत ना इतकी वर्षं. पण दहा वर्षं लागतात असं लिहिलंत तर लागू द्या. नाहीतर लिहू नका. तुमचा नायक एका दिवसात जे उचलतो, ते कोणाच्या तरी ताटातून उचललेलं असतं, आणि ते ताट दर वेळी ‘ड्रॅगन बॉल’मधल्या क्रिलिनचं, लीचं, रेंजीचंच का? एवढे आडदांड हात देऊन इचिगोचा मित्र साडो, त्याला 74 खंडांत नीट लढाई क्वचितच जिंकता येते, हे चित्र काढताना तुमचा हात अडखळला नाही?

खंड परत द्यायचेत. 19व्याचा कोपरा दुमडलाय, मित्राला काय सांगू तेवढं अजून ठरायचंय.