बिबो, भाचा आणि एक झेरॉक्स पुस्तक

आज गोव्यात, वाळपईच्या पुढे ताईकडे देवकार्य होतं. खतखतं, वडे, मणगणं, सगळं यथासांग झालं. तरी मी रागावून लवकर निघालो. साखळी येईपर्यंत गाडीत एकटाच बडबडत होतो. आता पर्वरीला पोचलोय आणि कपडेही न बदलता हे टाइप करतोय. लांब होईल, कंटाळा येणाऱ्यांनी पुढे सरकावं.

भाचा नववीत. चतुर्थीला मिळालेले पैसे साठवून त्याने एक इंग्रजी पुस्तक मागवलंय. रानात अडकलं तर आग कशी करायची, निवारा कसा उभारायचा, पाणी कुठे शोधायचं, असलं. जेवणं झाल्यावर पोरगा विहिरीपाशी बसला. बांबूची काठी वाकवून तिला बुटाची नाडी बांधली आणि फळीवर दांडी घुसळत होता. शेजारी पाण्याची बालदी भरून ठेवली होती, हे मुद्दाम सांगतो. धूर निघत होता, काळी भुकटीही पडत होती. ठिणगी काही धरेना.

पान खात सगळी मंडळी बघायला आली. त्यातले एक काका म्हणाले, "पुस्तकां वाचून रानांत रावपाक जाता जाल्यार आमी सगळेच रामचंद्र!" (पुस्तकं वाचून रानात राहता येत असेल तर आम्ही सगळेच रामचंद्र!) आणि खिशातला लायटर त्याच्या पुढ्यात टाकला. सगळे खो खो हसले. पोराने पुस्तक मिटलं, शर्टाखाली घातलं आणि आत गेला.

त्याने ते शर्टाखाली घातलं ना, तिथे माझं डोकं फिरलं.

कारण असलंच एक पुस्तक मीही शर्टाखाली लपवलं होतं. १९९६ चा जून, दहावीचा रिझल्ट लागला होता. एका मित्राच्या भावाकडे असल्याच एका पुस्तकाचं झेरॉक्स होतं, ते मी आणलं. डिक्शनरी घेऊन वाचलं. मग वडिलांची कोयती कमरेच्या आकडीला अडकवली आणि घरामागच्या रानात निवारा बांधायला गेलो. पुस्तक म्हणालं, सरळ, ओलं, मनगटाएवढं झाड तोडा. एक छान सरळसोट मिळालं. तोडलं. काळा चीक हाताला लागला. तोच हात घाम पुसायला कपाळावर फिरवला.

रानबिबा होता तो. आमच्याकडचा बिबो.

संध्याकाळपर्यंत एक डोळा बंद. वर पाऊस. आगीसाठी पुस्तक सांगत होतं बर्चची साल आणा, तिच्यात तेल असतं, ती ओलीसुद्धा पेटते. आमच्या सत्तरी तालुक्यात बर्च! बर्च म्हणजे आपला भूर्जपत्रवाला भूर्ज आणि तो हिमालयात वाढतो, हे मला कित्येक वर्षांनी कळलं. मी आपला दिसेल त्या झाडाची साल सोलत सुटलेलो.

तर काका, तुमचं एवढं खरं, की पुस्तकाने मला जवळजवळ आंधळा केला होता. मान्य. पुढे बोलू?

ही पुस्तकं लिहिणारे बहुतेक थंड देशांतले. त्यांचं पहिलं भय गारठ्याचं. म्हणून ते म्हणतात, वाळल्या पाल्याचा जाड बिछाना करा. आपल्याकडे जानेवारी ते मे त्या पाल्यात गोचीड असते आणि गोचिडीतून माकडताप येतो. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला तो आजार सत्तरीने २०१५ नंतर चांगलाच भोगलाय. म्हणतात, शेवाळ झाडाच्या उत्तरेला असतं. जुलैत आमच्याकडे शेवाळ चारी बाजूंना असतं, स्कूटरच्या सीटवरही असतं. म्हणतात, ध्रुवतारा शोधा. गोवा साधारण १५ अक्षांशावर, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर. सत्तरीच्या दरीत उभं राहिलात तर तो डोंगराआडच. जुन्या पुस्तकांत तर साप चावल्यावर चिरा मारून रक्त चोखायला सांगितलंय. तसलं काही करू नका रे बाबांनो. हात-पाय हलवायचा नाही, थेट इस्पितळ गाठायचं, विषावरचं औषध तिथेच मिळतं.

मग पुस्तक फेकून द्यायचं? तेच तर सांगतोय, नाही!

त्या संध्याकाळी मला शोधत आले ते वरच्या वाड्यावरचे धनगर आजोबा. तोंड बघूनच म्हणाले, "आरे, बिबो कापलो मरे तुवें!" शिव्या नाहीत, हसणं नाही. घरी नेऊन खोबरेल चोपडलं. मग शर्टाखालून डोकावणारे कागद बघितले. "दाखय पळोवया." वाचता येत नव्हतं त्यांना. चित्रं बघितली, एकेक पान उलटून. गारगोटीच्या चित्रावर थांबले आणि कमरेचा बटवा सोडला. आत गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि तपकिरी कापसासारखं काहीतरी. भेर्ली माडाच्या पानाच्या बेचक्यात जी मऊ लव असते ना, ती. दोन ठोके. तिसऱ्याला लव धुमसायला लागली. बाहेर मुसळधार पाऊस.

ती माझी बर्चची साल. घरामागे चार भेर्ली माड होते आणि मी रोज त्यांच्याखालून शाळेत जायचो.

पुढे बरा झाल्यावर मी त्यांच्या मागे लागलो. पुढच्या एप्रिलमध्ये एकदा ओहोळ आटलेला असताना त्यांनी उक्षीची जाडजूड वेल धरली, आधी वरून कापली, मग खालून, आणि तो तुकडा माझ्या तोंडावर धरला. पाणी! आणि मी ओरडलोच, कारण झेरॉक्समध्ये हेच होतं. आधी वर कापा, नाहीतर पाणी वर ओढलं जातं. कुठला तो लिहिणारा आणि कुठले हे आजोबा. ते पान मी वाचलं नसतं तर आधी वर का, आधी खाली का नाही, हे विचारायचं मला सुचलंच नसतं. मी बघून "वा" म्हटलं असतं आणि विसरलो असतो.

आज हसणाऱ्यांपैकी किती जणांना उक्षी ओळखता येते? फुललेली असते तेव्हा रिल्स काढता तिच्यासमोर. किती जणांना वारा असताना चूड पेटती ठेवता येते? तुमच्याच आज्या काळोखात चूड हलवत डोंगर उतरायच्या. तुम्ही त्यांना अडाणी म्हणालात, आता पुस्तक वाचणाऱ्या पोराला येडा म्हणता. मग शिकायचं कुणाकडून? दोन दिवसांचे हजारो रुपये घेणाऱ्या रिसॉर्टच्या कॅम्पात?

(हो, माहीत आहे. १९९९ पासून म्हादई अभयारण्य आहे. तिथे फांदी तोडायची नाही, आग पेटवायची नाही, आणि पेटवूच नये. मार्च २०२३ मध्ये डोंगर जळताना आपण सगळ्यांनी पाहिलेत. पोरगा विहिरीपाशी बसला होता, बालदी घेऊन. हे मी दुसऱ्यांदा सांगतोय.)

थोडा शांत झालोय. चहा घेतला. काका तसे वाईट नाहीत. माझ्या मुंजीत त्यांनीच मला खांद्यावर घेतलं होतं.

आणि खरं सांगायचं तर राग त्यांच्यावर अर्धाच आहे. आजोबा जाऊन वीसेक वर्षं झाली. दोन-तीन उन्हाळे त्यांच्यामागून हिंडलो, मग कॉलेज, मग बँक, मग हा फ्लॅट. आपल्या रानाचं असं पुस्तक निदान माझ्या तरी हाती कधी आलं नाही. लिहू शकणारा एक माणूस मी होतो आणि मी लिहिलं नाही.

निघताना भाच्याच्या खोलीत डोकावलो. काजूची फळी टाकून दे, पांगाऱ्याचं वाळलेलं लाकूड घे, ते मऊ असतं, एवढंच सांगितलं. त्याने विचारलं, "मामा, तुला कुणी शिकवलं?"

आत्ता माळ्यावरची पेटी काढली. झेरॉक्स आहे. वाळवीने दोन कोपरे खाल्लेत. समासात माझ्या पेन्सिलीने लिहिलेली अकरा झाडांची नावं आहेत. बर्चच्या चित्राशेजारी "भेर्ली माड". पाण्याच्या पानावर "उक्षी". सरळ झाडाच्या चित्रावर फुली आणि "बिबो!!!". दहा लागली. अकरावं पावसाने फुटलंय, पहिलं अक्षर "का" की "फा" तेही कळत नाही. शेजारी लिहिलंय, "हे सगळ्यात महत्त्वाचं, आजोबा म्हणाले."

तासभर दिव्याखाली धरून बघतोय.