'परदेशी ट्रेनिंग म्हणजे फुकटची सहल' म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड मला चार ग्रुपवर आला. सोसायटीच्या, माहेरच्या, शाळेच्या बॅचच्या आणि एक तर आमच्याच ऑफिसच्या. 'करदात्यांनो, आतातरी जागे व्हा' अशी सुरुवात आणि खाली मुद्दे, की सरकारी आणि महापालिकेचे अधिकारी ट्रेनिंगच्या नावाखाली जपान-सिंगापूर फिरून येतात आणि पैसा आपल्या घरपट्टीचा जातो, तिकडचं इकडे काही चालत नाही, आपल्याला परक्यांकडे शिकायला जावं लागतं ही गुलामी आहे, शिकायचंच असेल तर यूट्यूबवर सगळं फुकट आहे, आणि जाऊन आलेल्या एकाने तरी काही बदललेलं दाखवा. शेवटी 'पटलं तर दहा जणांना पाठवा'.

मला पटलं नाही. मी ठाणे जिल्ह्यातल्या एका महापालिकेत उपअभियंता आहे, नोकरीला बावीस वर्षं झाली, आणि स्थानिक प्रशासन आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या ट्रेनिंगसाठी मी स्वतः तीन आठवडे जपानला, कोबेला जाऊन आलेय. त्यामुळे एकेक मुद्दा घेऊन बोलते, आणि जिथे फॉरवर्ड बरोबर आहे तिथे बरोबर आहे असंच म्हणेन.

आधी पैसा. मी गेले ते जायकाच्या कार्यक्रमातून. जायका म्हणजे जपानची सरकारी मदत संस्था, आपल्या अटल सेतूला कर्ज दिलं तीच. या कार्यक्रमात विमानाचं तिकीट, राहणं, शिकवणं, रोजचा भत्ता हे सगळं जपानकडून असतं. सिंगापूरचाही १९९२ पासून इतर देशांच्या अधिकाऱ्यांसाठी असाच कार्यक्रम चालू आहे आणि त्यातही शिकवण्याचा खर्च तिकडचं सरकार उचलतं. केंद्राच्या कार्मिक विभागाची एक वेगळी योजना आहे, ती आपल्याच पैशातून चालते हे खरं, पण ती केंद्राच्या पैशातून, ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या घरपट्टीतून नाही, आणि जास्त मुदतीच्या कोर्सला जाणाऱ्याकडून परत येऊन नोकरी करण्याचा बाँड लिहून घेतात. माझा तीन आठवड्यांचा पगार चालू होता, तो मात्र घरपट्टीतून आला, हे मी नाकारत नाही.

गोंधळ कुठे होतोय तर फॉरवर्डवाल्याने अभ्यास दौरा आणि ट्रेनिंग एकाच पिशवीत भरलंय. पाच दिवसांचे दौरे निघतात, त्यात दोन दिवस प्रवास, एक दिवस एखादा प्रकल्प लांबून बघायचा आणि बाकी बाजार, त्यावर राग येत असेल तर तो मलाही येतो आणि त्याबद्दल बोलायलाच पाहिजे. पण जायकाच्या कोर्सला जाण्याआधी आपल्या कामातल्या अडचणीवर रिपोर्ट लिहून द्यावा लागतो आणि कोर्स संपवून तिकडून निघायच्या आधी, परत जाऊन काय करणार याचा आराखडा सगळ्या बॅचसमोर उभं राहून मांडावा लागतो, लोक प्रश्न विचारतात, घाम फुटतो.

गुलामीच्या मुद्द्याने मला खरंच वाईट वाटलं, कारण लिहिणाऱ्याला आपलाच देश माहीत नाही. भारताने १९६४ मधे आयटेक नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्यातून आज दीडशेच्या वर देशांचे अधिकारी आपल्याकडे शिकायला येतात आणि खर्च आपलं परराष्ट्र मंत्रालय करतं. हैदराबादच्या ग्रामीण विकास आणि पंचायती राज संस्थेत आफ्रिकेतले अधिकारी आपली ग्रामसभा समजून घ्यायला येतात. बांगलादेशचे १८०० सनदी अधिकारी भारतात प्रशिक्षण घेतील असा करार २०१९ मधे झाला होता. मग ते सगळे आपले गुलाम झाले का? आमच्या कोबेच्या बॅचमधे नेपाळचा एक अधिकारी होता, त्यांच्याकडे नव्या घटनेने ७५३ स्थानिक सरकारं तयार झालीत, त्याने मला जेवताना विचारलं की तुमच्याकडे आयुक्त मोठा की महापौर. मी पालिकांना घटनेत स्थान देणारी ७४ वी घटनादुरुस्ती, बाराव्या अनुसूचीतली पालिकांची १८ कामं, १९४९ चा आपला महापालिका कायदा, सगळं सांगत बसले आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की वॉर्डातल्या माणसाने नेमकं कोणाचं दार ठोठवायचं हे मला एका वाक्यात सांगता येत नाहीये. बावीस वर्षांत हा प्रश्न मला इथे कोणी विचारला नव्हता.

'तिकडचं इकडे चालत नाही' हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना पटतो. जसंच्या तसं उचलून आणलेलं चालत नाहीच, बरोबर. पण पुण्यात २००६ पासून नागरिक वॉर्डातली कामं बजेटसाठी सुचवतात ना, ती कल्पना ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेमधली, १९८९ सालची. कचऱ्याचं सांगते, कारण इकडे सोसायट्यांचं अर्धं भांडण ओल्या कचऱ्यावरून असतं. ताकाकुरा पद्धत म्हणून एक घरगुती खताची टोपली आहे, ती तयार करणारा माणूस जपानी, पण तयार केली ती इंडोनेशियातल्या सुराबाया शहरात, तिथल्याच आंबवलेल्या पदार्थांतले जिवाणू वापरून आणि तिथे बाजारात मिळणारी कपड्यांची प्लास्टिकची टोपली घेऊन. जपानमधून मशीन नेलं नाही, विचार करायची पद्धत नेली. ट्रेनिंगमधे हेच शिकवतात, पण फॉरवर्डमधे ते मावत नाही.

आता यूट्यूब. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे.

कोबेला जायच्या आदल्या वर्षीची एक रात्र आहे. जुलै, दिवसभर पावसाने उसंत घेतली नव्हती, रात्री दीडला फोन आला की चार मजली बिल्डिंगच्या जिन्याचा एक भाग खचलाय. बिल्डिंग सी-वन, म्हणजे अतिधोकादायक, महापालिका कायद्यातल्या कलम २६४ ची, धोकादायक इमारतीची नोटीस मीच लावलेली. मुंब्र्याच्या लकी कंपाऊंडमधे २०१३ ला बिल्डिंग कोसळून ७४ माणसं गेली तेव्हापासून आमच्यातलं कोणी असला फोन आला की चप्पलसुद्धा नीट घालत नाही. पोचलो, अग्निशमनवाले आले, लोकांना उतरवून जवळच्या पालिकेच्या शाळेत नेलं. माझ्या हातात यादी होती, त्यात बिल्डिंगचं नाव, मालक, बांधकामाचं वर्ष, मजले, खोल्या, नोटिशीचा नंबर, तारीख. सगळे उतरले असं धरून आम्ही दोरी बांधायला लागलो आणि खालच्या किराणा दुकानातला पोरगा पळत आला, 'मॅडम, तिसऱ्यावरच्या आजी राहिल्यात, त्यांना उठता येत नाही.' मुलगा-सून गावाला गेलेले. जवानांनी आजींना पाठीला बांधून शिडीवरून खाली आणलं. आजी आहेत, त्या उठू शकत नाहीत, त्या आतल्या खोलीत झोपतात, हे त्या पोराला माहीत होतं आणि माझ्या कागदावर नव्हतं.

कोबेत १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५:४६ ला भूकंप झाला, त्यात ६,४३४ माणसं गेली. तिथे त्याचं एक संग्रहालय आहे आणि भूकंपातून वाचलेली वयस्कर माणसं तिथे स्वतः येऊन सांगतात. एका आजोबांनी सांगितलं की त्यांनी शेजारणीला ढिगाऱ्यातून काढलं, कारण ती घराच्या कुठल्या कोपऱ्यात झोपते हे त्यांना माहीत होतं. दुभाषी बाई ते सांगत होत्या आणि मला तो किराणा दुकानातला पोरगा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी पालिकेच्या माणसाने आम्हाला एक फॉर्म दाखवला. २०११ च्या त्सुनामीत वयस्कर माणसं फार गेली, त्यानंतर २०१३ मधे त्यांनी कायदा बदलला आणि ज्यांना स्वतःहून बाहेर पडता येत नाही अशांची यादी ठेवणं प्रत्येक पालिकेला बंधनकारक केलं. फॉर्मवर नाव, आजार, मदतीला कोण येणार, आणि एक रकाना, झोपण्याची खोली. घराचं छोटं चित्र काढायला जागासुद्धा होती. हा कायदा नेटवर सापडेल, मान्य. पण मला तो शोधायचाय हेच मला माहीत नव्हतं, आणि आम्ही पुढे दोन तास जे विचारलं, की माणूस नाव द्यायला नाही म्हणाला तर काय करता, यादी कुठल्या कपाटात ठेवता, चावी कोणाकडे, रात्री ती कोण उघडतं, मोहल्ल्यातल्या लोकांना आधी देता का नंतर, ते कुठल्याच व्हिडिओत नाही. (नाव आधीच वस्तीतल्या लोकांकडे द्यायचं असेल तर त्या माणसाची संमती घेतात, हे उत्तर मी वहीत दोनदा अधोरेखित केलंय.)

मग 'एकाने तरी बदललेलं दाखवा'. मी आल्यावर पावसाळ्याआधीच्या धोकादायक इमारतींच्या सर्वेत तीन रकाने वाढवले. कोणाला चालता येत नाही, कुठल्या खोलीत असतात, शेजाऱ्याचा मोबाईल. वरून आदेश नव्हता, साहेबांना विचारलं, ते म्हणाले कर. आशाताई आणि अंगणवाडीच्या बाईंनी घरोघरी जाऊन विचारलं, त्यांना तर निम्मी माणसं आधीच माहीत होती. त्या पावसाळ्यात दोन बिल्डिंगी रात्री रिकाम्या केल्या आणि दोन्ही वेळेला आधी कोणत्या दारावर जायचं ते माझ्या हातात लिहिलेलं होतं.

पुढच्या वर्षी माझी बदली पाणीपुरवठ्यात झाली आणि यादी परत जुन्या फॉरमॅटमधे गेली, तीन रकाने गायब. मी हे लपवणार नाही. फॉरवर्डमधला हा एकच मुद्दा असा आहे जो मला रात्री झोपू देत नाही, कारण जाऊन आलेल्या माणसाला वर्षभरात दुसऱ्याच खात्यात टाकतात आणि त्याचा आराखडा वाचणारं कोणी नसतं. पण मग राग ट्रेनिंगवर का? जपानमधेही पालिकेचे लोक काही वर्षांनी खातं बदलतात, बहुतेक एप्रिलमधे, पण जाताना पुढच्या माणसासाठी हिकित्सुगी लिहितात, त्यात अर्धवट राहिलेलं काम, का सुरू केलं, कोणाशी बोलायचं, सगळं असतं. आपल्याकडे चार्ज रिपोर्ट एक पानी, कपाटाच्या चाव्या, मोजमाप पुस्तकं आणि दोन सह्या. माझे तीन रकाने त्या पानावर नव्हते, आणि ते लिहून ठेवायचं कोबेत बघून आल्यावरही मला सुचलं नाही, ही चूक माझी आहे.

आणखी एक खरं सांगायचं तर अशा कोर्सची परिपत्रकं दिल्लीहून मंत्रालय, मंत्रालयातून पालिका, आणि मग कुठल्यातरी टेबलवर थांबतात. कनिष्ठ अभियंता, स्वच्छता निरीक्षक, वॉर्ड ऑफिसचा लिपिक यांच्यापर्यंत ती पोचतच नाहीत किंवा मुदत संपल्यावर पोचतात. लोकांनी फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा ना, की आमच्या वॉर्डातल्या ज्युनिअरला पाठवा, आल्यावर दोन वर्षं हलवू नका, आणि त्याचा आराखडा वेबसाईटवर टाका म्हणजे आम्हीच विचारू.

या मे महिन्यात त्या जुन्या प्रभागातल्या नव्या कनिष्ठ अभियंता मुलीचा फोन आला. जुन्या फाईलमधे तिला माझ्या वेळची शीट सापडली होती. 'मॅडम, हा झोपण्याची खोली रकाना कशासाठी होता?' मी आजींचं सांगितलं, मग कोबेचं, आणि त्या रात्री बसून चार पानी टिपण लिहून पाठवलं. परवा तिने पहिल्या पानाचा फोटो पाठवला. दुसरी ओळ अशी आहे: दुसरा मजला, आजोबा, डायलिसिसवर, पुढच्या खोलीत खिडकीखाली, आणि समोर शेजाऱ्याचा नंबर.