डब्ल्यू-९ भरला नाही म्हणून कर वाचत नाही

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: बँक, ब्रोकर, घरमालक किंवा एखादी संस्था डब्ल्यू-९ फॉर्म (पैसे देणाऱ्याला आपलं नाव आणि करनंबर लिहून देण्याचा) मागत असेल तर भरू नका. आपण अमेरिकन नागरिक नाही, तो आपल्याला लागूच नाही. भरलात की सोशल सिक्युरिटी नंबर (इथे करासाठी वापरतात तो) आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याकडे, जातो आणि कर कापायला सुरुवात होते. नंबर दिला नाही तर कर नाही. फारच मागे लागले तर डब्ल्यू-८बेनवर (करापुरते अमेरिकेचे रहिवासी नसलेल्यांच्या फॉर्मवर) सही करून मोकळे व्हा. आणि काही कापलं गेलंच तर तो दंड, परत मिळत नाही.

मी इथे नोकरदारांची आणि लहान व्यावसायिकांची टॅक्स रिटर्न्स भरून देते. हा मेसेज पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मला ठाऊक आहे. पण तो वाचून वागलेल्या माणसाचे पैसे अडकतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे.

सगळ्यात घातक वाक्य ‘नंबर दिला नाही तर कर नाही’ हे आहे. प्रत्यक्षात नेमकं उलट घडतं. पगारातून कर कंपनीच कापते. पण बँकेचं व्याज, लाभांश, शेअरविक्रीचे पैसे किंवा सुट्या कामाचं मानधन यांतून एरवी काहीच कापलं जात नाही. देणारा वर्षअखेरीस १०९९ फॉर्मवर रक्कम कळवतो आणि तुम्ही रिटर्न भरताना हिशेब करता. ही सगळी मोकळीक नंबरावर उभी आहे. नंबर नसेल तर अंतर्गत महसूल संहितेच्या कलम ३४०६ प्रमाणे देणाऱ्याला २४ टक्के कापून सरकारजमा करावेच लागतात. यालाच बॅकअप विदहोल्डिंग म्हणतात. बँकेतल्या बाईंशी कितीही गोड बोललात तरी त्यांच्या हातात काही नसतं.

ही तरतूद आली कशी, तेही सांगण्यासारखं आहे. १९८२ च्या कायद्याने व्याज आणि लाभांशावर सरसकट १० टक्के कपात ठरली होती. बँकांनी खातेदारांना हाताशी धरून जोरदार विरोध केला, काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकन संसदेकडे, पत्रांचा पाऊस पडला आणि १९८३ मध्ये ती रद्द झाली. तिच्या जागी ठरलं की नंबर बरोबर देणाऱ्याचं काही कापायचं नाही, न देणाऱ्याचं कापायचं. म्हणजे डब्ल्यू-९ हा कपात सुरू करणारा फॉर्म नाही, कपात थांबवणारा आहे.

आणि २४ टक्के कशावर? नफ्यावर नाही, येणाऱ्या अख्ख्या रकमेवर. समजा, तुम्ही १०,००० डॉलरचे शेअर विकले, जे ९,५०० ला पडले होते. कमाई ५०० ची. नंबर प्रमाणित नसेल तर ब्रोकर २,४०० डॉलर कापून घेतो, कमाईच्या जवळजवळ पाचपट. आयटीतल्या आपल्या मुलांच्या बाबतीत हे वारंवार होतं. कंपनीकडून शेअर मिळतात, खातं कंपनीमार्फतच उघडलं जातं, त्यामुळे नंबर आधीच दिलेला आहे असं ते धरून चालतात. खात्यात ‘टॅक्स सर्टिफिकेशन बाकी’ अशी एक बारीक ओळ दिसत असते, तिकडे कुणी बघत नाही. शेअर हातात पडले तेव्हा पगारासारखा कर कापलेलाच असतो. विकताना पुन्हा २४ टक्के गेले की घराच्या डाउन पेमेंटचं गणित कोलमडतं. फॉर्मवर नंबर टाकणं पुरेसं नाही. व्याज-लाभांशासाठी आणि अशा खात्यांसाठी खालच्या भागात, नंबर बरोबर आहे आणि मला बॅकअप विदहोल्डिंग लागू नाही, हे सही करून सांगावं लागतं.

लहान कमाईवाल्याला हे जास्त लागतं. एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर वर्क परमिट काढून तबल्याचे किंवा भरतनाट्यमचे क्लास घेणारी बाई घ्या. एका संस्थेने तिला कार्यक्रमाचे ३,००० डॉलर द्यायचे कबूल केले आणि तिने मेसेज वाचून नंबर दिला नाही, तर हातात २,२८० पडतील. येण्याजाण्याचा आणि साथीदारांचा खर्च वजा केल्यावर तिच्यावर खरा कर कदाचित या कपातीच्या पाव हिस्साही बसला नसता.

‘आपण नागरिक नाही’ हा मुद्दा ऐकायला पटतो, पण करकायदा पासपोर्टचा रंग विचारत नाही. डब्ल्यू-९ मधल्या ‘यूएस पर्सन’ मध्ये रेसिडेंट एलियन, म्हणजे करापुरता रहिवासी असलेला परदेशी माणूसही येतो. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर दिवस मोजायचे: यंदाचे सगळे, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षीचे एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली आणि यंदा किमान ३१ दिवस इथे काढले, की तुम्ही करापुरते रहिवासी. सलग तीन वर्षं दरवर्षी १२२ दिवस राहिलात तरी ही बेरीज भरते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर वर्षभर इथे राहणारा माणूस तर पहिल्याच पूर्ण वर्षात त्यात बसतो.

एका गटासाठी मात्र मेसेजमधली गोष्ट खरी आहे, आणि ती सांगितलीच पाहिजे. एफ-१ वर आलेल्या विद्यार्थ्याचे दिवस साधारणपणे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांत मोजले जात नाहीत. त्याने डब्ल्यू-९ नाही, डब्ल्यू-८बेनच द्यायचा. नॉनरेसिडेंट म्हणून त्याच्या बँकेतल्या ठेवीच्या व्याजावर अमेरिकेत करही नाही. पुढे तोच मुलगा एक ऑक्टोबरला एच-१बी वर गेला तर त्या वर्षात त्याचे ९२ दिवसच भरतात, म्हणून बहुतेकदा तो पुढच्या वर्षी रहिवासी होतो. स्थिती बदलली की ३० दिवसांत बँकेला आणि ब्रोकरला कळवून फॉर्म बदलायचा.

पण दहा वर्षं एच-१बी वर असलेल्या, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये घर घेतलेल्या गृहस्थाने ‘सही करून मोकळे व्हा’ म्हणून डब्ल्यू-८बेन दिला तर? त्या फॉर्मवर, मी यूएस पर्सन नाही, असं खोट्या साक्षीच्या शिक्षेची जबाबदारी घेऊन लिहून द्यावं लागतं. हा सल्ला पुढे पाठवणाऱ्यांनी ती ओळ एकदा वाचावी. डब्ल्यू-९ वर खोटं विधान करून कपात टाळली तरी ५०० डॉलरचा दिवाणी दंड आहे, जाणूनबुजून केलं तर फौजदारी वेगळी. आणि नंबर न देण्याबद्दल दर वेळी ५० डॉलर.

‘नंबर आयआरएसकडे जातो’ म्हणून घाबरायचंही कारण नाही. भरलेला डब्ल्यू-९ मागणाऱ्याच्या फायलीत राहतो, आयआरएसला पाठवला जात नाही. तुमचा नंबर त्यांच्याकडे पहिल्या पगारापासून आहे. तिकडे जातो तो १०९९, आणि तो आला नाही तरी उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं. बँक साधारण १० डॉलर व्याजापासून फॉर्म पाठवते. नऊ डॉलर व्याज आलं तर तेही करपात्रच.

मेसेजमध्ये नसलेली पण आपल्या घरोघरी घडणारी एक गोष्ट सांगते. नंबर बरोबर दिलेला असतो, तरी कपात सुरू होते. कारण आडनाव. लग्नानंतर पासपोर्टवर कुलकर्णी झालं, बँकेत कुलकर्णी लागलं आणि सोशल सिक्युरिटीत अजून देशपांडेच आहे. आयआरएस नंबर ताडून बघते तेव्हा आडनावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं जुळवते. ती जुळली नाहीत की देणाऱ्याला कळवलं जातं आणि तो तुम्हाला ‘बी नोटीस’ आणि कोरा डब्ल्यू-९ पाठवतो. हे पाकीट जाहिरातीचं समजून कचऱ्यात जातं. मुदतीत उत्तर गेलं नाही की २४ टक्के सुरू. तीन वर्षांत असं दुसऱ्यांदा झालं तर नुसता नवा फॉर्म चालत नाही, सोशल सिक्युरिटी कार्डाची प्रत मागतात. म्हणून आधी सोशल सिक्युरिटी ऑफिसात नाव बदलून घ्यावं. तोवर फॉर्मच्या पहिल्या ओळीत स्वतःचं नाव, मग कार्डावरचं आडनाव आणि त्यापुढे नवं आडनाव, असं लिहावं. फॉर्मच्या सूचनांतच तसं सांगितलेलं आहे.

सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नसेल, उदाहरणार्थ वर्क परमिट नसलेली एच-४ वरची पत्नी, तर आयटीआयएन (कर भरण्यापुरता नंबर) काढता येतो. डब्ल्यू-७ फॉर्म, सोबत बहुतेकदा रिटर्न आणि पासपोर्ट. नऊने सुरू होणारा हा नंबर डब्ल्यू-९ वर चालतो. भारतातला पॅन चालत नाही. अर्ज केलेला असेल तर तसं लिहून व्याज-लाभांशाच्या खात्यांसाठी ६० दिवसांची सवड मिळते.

‘कापलेलं परत मिळत नाही’ हेही चूक. ती रक्कम तुमच्याच नावावर आगाऊ जमा झालेला कर असतो. व्याजाच्या, लाभांशाच्या आणि मानधनाच्या १०९९ वर ती चौथ्या चौकोनात छापलेली असते, १०४० च्या, म्हणजे वार्षिक रिटर्नच्या, २५बी ओळीत टाकली की हिशेबात येते आणि जास्तीची परत मिळते. मात्र रिटर्न भरलं तरच, आणि साधारण तीन वर्षांच्या आत. व्याज-लाभांश लपवल्याच्या कारणावरूनही कपात लागू शकते, पण ती अचानक लागत नाही. आयआरएस आधी चार नोटिसा पाठवते.

मेसेजमागची एक भीती मात्र रास्त आहे. नंबर चोरीला जातो, आणि खोट्या ईमेलमधून डब्ल्यू-९ मागणारे भामटेही आहेत. म्हणून मागणारा आपल्याला खरोखर पैसे देणार आहे का, हे आधी बघा. न्यू जर्सीत घरमालकाने मागितला तर सहसा कारण असतं: अनामत रक्कम व्याजाच्या खात्यात ठेवावी लागते. फॉर्म साध्या ईमेलला जोडून पाठवू नका. क्लास किंवा डबे असा स्वतःचा व्यवसाय असेल तर आयआरएसच्या साइटवरून ईआयएन (व्यवसायाचा करनंबर) फुकट मिळतो, तो लिहिता येतो.

हा मेसेज आता पुण्यातही पोहोचलाय, म्हणून हिंजवडीत बसून अमेरिकन कंपनीचे शेअर सांभाळणाऱ्यांसाठी दोन ओळी. तुम्हाला डब्ल्यू-८बेनच लागतो. तो असताना लाभांशावर भारत-अमेरिका करारानुसार २५ टक्के कापले जातात आणि विक्रीवर अमेरिकेत सहसा काही नाही. पण तो कायमचा नसतो. सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस तो संपतो. २०२३ मध्ये सही केली असेल तर ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. संपल्यावर शेअर विकलेत तर पूर्ण रकमेवर २४ टक्के जाऊ शकतात आणि ते सोडवायला पुण्यातून आयटीआयएन काढून १०४०-एनआर, म्हणजे नॉनरेसिडेंटचा रिटर्न फॉर्म, भरावा लागतो. विकायच्या आधी खात्यात जाऊन तारीख बघा.