खुलासा: मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढलं म्हणजे रायफल रिकामी झाली असं नाही

'मॅगझिन काढा, सेफ्टी लावा, मग रायफल कुणाच्याही हातात द्या, धोका नाही' असा मेसेज फिरतो आहे. मीही तो पुढे पाठवला होता, ती माझी चूक. माहिती अर्धवट आहे, आणि बंदुकीच्या बाबतीत अर्धवट म्हणजे चुकीचीच.

मॅगझिन काढलं तरी आधीच चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, गेलेलं काडतूस तिथेच राहतं. चाप ओढला की बहुतेक रायफली ते झाडतात. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी मॅगझिन काढायचं, नंतर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) पूर्ण मागे घ्यायचा. उलट केलंत तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं खरं, पण बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधलं दुसरं आत ढकलतो, आणि मग मॅगझिन काढूनही बंदूक भरलेलीच! बोल्ट मागे ठेवून चेंबर डोळ्यांनी पाहा, बोटानेही चाचपा. हे सगळं करताना नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापाबाहेर.

शॉटगनला तर हा मेसेज लागूच पडत नाही. पंप शॉटगनमध्ये काडतुसं बहुधा नळीखालच्या ट्यूबमध्ये असतात. ती ट्यूब आणि चेंबर दोन्ही रिकामी हवीत. दुनळी (दोन नळ्यांची शॉटगन) बिजागरीवर मोडून उघडली की दोन्ही चेंबर समोर दिसतात, ती त्यातल्या त्यात सोपी.

राहिली सेफ्टी. पुष्कळ बंदुकांत ती फक्त चाप अडवते. झिजते, बिघडते.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा पाठवा.